नेटीचे भाडेकरू

पाकोळ्या आपल्याला चालीवरून ओळखतात, असं हॉलिस लेडबेटर गेली तीस वर्षं सांगत आला होता. सांगायची जागाही ठरलेली होती. डब पिकेन्सच्या पशुखाद्याच्या दुकानात जायचं, कोंबडीखाद्याच्या पोत्यावर बैठक मारायची, फुकटची कॉफी घ्यायची आणि सुरू व्हायचं.

"दुसरं कोणी अंगणात आलं की भुर्र. मी आलो की नुसतं वळून बघतात. मालक आले म्हणतात."

अलाबामाच्या त्या भागात ज्याच्या अंगणात मार्टिन पाकोळ्या उतरतात त्याला खरोखरच घरमालक म्हणतात. भाडं मिळत नाही, उलट भाडेकरूंचीच उस्तवार करावी लागते, तरी हा मान मिळावा म्हणून माणसं जीव टाकतात. हिवाळा ब्राझीलमध्ये काढून ही जांभळी पाखरं परत येतात ती थेट माणसांनी टांगलेल्या घरांत. झाडाच्या ढोलीत राहणं त्यांनी पणज्याच्या काळातच सोडून दिलं. म्हणून मग भोपळे वाळवायचे, पोखरायचे, तुंब्यांना पांढरा रंग द्यायचा आणि उंच खांबावर टांगायचे. घरचिमण्या आधी घुसल्या तर त्यांचा काडीकचरा बाहेर काढायचा. दोरीने सगळा डोलारा खाली घेऊन घरट्यांत डोकावायचं. हे सारं हॉलिस 'मी'पासून सुरू करून 'मी'पाशी संपवायचा. खांब त्याने रोवला होता, हे खरं आहे. बाकी सगळं गुलाबी गाऊन घातलेली त्याची बायको नेटी करायची, आणि तो पोर्चवर बसून देखरेख करायचा.

"तोंड तुमचं आणि हात माझे," नेटी म्हणायची. "म्हणून तर चाललंय."

नेटी ऑक्टोबरात गेली. पाखरं ब्राझीलला गेलेली असताना गेली. त्यामुळे त्यांना कळवायचं राहूनच गेलं, असं हॉलिसला सारखं वाटत राही.

मुलगी लोरीन बर्मिंगहॅमहून आली, तिने आईचे कपडे खोक्यांत भरून चर्चला दिले आणि वडिलांसाठी आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली. तिच्या हातून एक गोष्ट निसटली. गुलाबी गाऊन हॉलिसने पिठाच्या डब्यामागे लपवला होता. लोरीन गेल्यावर त्याने तो स्वयंपाकघराच्या दाराशी, नेहमीच्या खिळ्याला अडकवला. त्या गाऊनला अजून नेटीचा वास होता. हात धुवायचा साबण, तळणीचं तेल, आणि मानेपाशी तिची स्वतःची अशी एक गोडसर ऊब. सकाळी कॉफी ठेवण्याआधी हॉलिस तिथे जाऊन उभा राही. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. पोत्यावर बसून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"बाबा, एकटे कसे राहणार तुम्ही?" लोरीन फोनवर म्हणायची. "तुम्हाला अंडंसुद्धा उकडता येत नाही."

"फेब्रुवारीत पाखरं येतील. ती आहेत तोवर मी इथून हलत नाही."

"बरं. पाखरं आहेत तोवर. त्यानंतर मात्र काही ऐकायची नाही मी."

पाखरं आली. हॉलिसने त्या दिवशी दुकानात सगळ्यांना स्वतःच्या पैशाने कॉफी पाजली. डब पिकेन्स बराच वेळ नोट उजेडात धरून बघत होता.

मग मार्चमध्ये, नाशपातीची झाडं फुललेली असताना, थंडी उलटून आली. थंडीत किडे उडत नाहीत, आणि या पाखरांचा हट्ट असा की घास हवेतच झेलणार. जमिनीवर पडलं ते त्यांच्या लेखी अन्नच नाही. दोन दिवस ती तुंब्यांत अंग चोरून बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी खांबाखाली एक पाकोळी मरून पडलेली सापडली. हॉलिसने ती हातात घेतली. तिला काही वजनच नव्हतं.

अशाच एका थंडीत, काही वर्षांपूर्वी, नेटीने पाखरांना वाचवलं होतं. अंडी परतून, बारीक तुकडे करून ती चमच्याने आकाशात उडवायची. आधी पाखरांनी ढुंकून पाहिलं नाही. ती दोन दिवस उडवत राहिली, तेव्हा कुठे एकाने झेप घेतली आणि बाकीची शिकली. पुढे थंडी नसतानाही ती कधीमधी त्यांना असा फराळ द्यायची. दुकानात ही हकिगत अर्थातच 'मी अंडी उडवली' अशी प्रसिद्ध होती.

हॉलिसने कढई ठेवली, आच मोठी केली आणि डझनभर अंडी फोडून टाकली, काही टरफलांसकट. मग पाखरं कशी आहेत ते बघायला तो अंगणात गेला आणि तिथेच रमला.

शेजारच्या युला मॅब्रीला आधी धूर दिसला आणि मग घरातला, धूर झाला की वाजणारा भोंगा ऐकू आला. युला गेले पाच महिने असंच काहीतरी घडेल म्हणून खिडकीत बसून होती. तिने आधी अग्निशमन दलाला फोन केला आणि नंतर लोरीनला. लोरीनला ती म्हणाली, "घाबरू नकोस, पण लगेच नीघ."

गावातलं अग्निशमन दल म्हणजे डब पिकेन्स आणि त्याच्या दुकानातली पोत्यांवरची मंडळी. बंब थेट अंगणात शिरला. डब शिरस्त्राण घालून स्वयंपाकघरात धावला आणि काळी कढई घेऊन बाहेर आला.

"हॉलिसकाका, हे काय होतं?"

"अंडी. पाखरांसाठी."

डबने कढईत बघितलं, मग मेलेल्या पाखराकडे बघितलं, मग वर तुंब्यांकडे. त्याच्याही आजोबांचा असाच खांब होता. आत जाता जाता त्याने बंबावरच्या एका माणसाला दुकानातून अंडी आणायला पिटाळलं. थोड्या वेळाने अग्निशमन दलाचा प्रमुख डब पूर्ण पोशाखात, शिरस्त्राणासकट, मंद आचेवर अंडी परतत होता.

"दूध थोडंच घालायचं," तो खिडकीतून ओरडून सांगत होता. "नाहीतर उडताना फुटतात."

हॉलिस ताटली घेऊन खांबाखाली उभा राहिला. पहिला तुकडा त्याच्याच टोपीवर पडला. दुसरा बंबाच्या काचेवर. तिसरा युलाच्या चष्म्यावर बसला. तिने तो पुसला आणि ती तिथेच उभी राहिली. वर पाखरं तुंब्यांच्या दारांत डोकी काढून बघत होती. एकही हललं नाही.

"घेतील," हॉलिस म्हणाला. "मला ओळखतात ती."

उडवलेले तुकडे पडून गवत पिवळं झालं तरी एकाने पंख उघडला नाही.

"नेटी टाकायची तेव्हा लगेच घ्यायची," युला म्हणाली. "मी खिडकीतून बघायचे ना. ती गुलाबी गाऊन घालून इथे उभी, आणि तू तिथे पोर्चवर, तंगड्या पसरून."

डबने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, पण तुम्ही तर म्हणायचात की चालीवरून—"

"डब, तू अंडी बघ."

हॉलिस घरात आला. डबच्या पाठीमागून जाऊन तो खिळ्यापाशी उभा राहिला. गाऊनला हात लावायच्या आधीच त्याला कळलं होतं काय होणार ते. एकदा अंगात घातला की हा तिचा राहणार नाही. त्याला आपला वास लागेल, तंबाखूचा आणि म्हातारपणाचा, वर अंड्याचा. ऑक्टोबरपासून त्याने तो फक्त हुंगला होता, अंगाला लावला नव्हता. खिडकीतून खांब दिसत होता. मधल्या तुंब्याच्या दारात एक पाखरू मान खाली टाकून बसलं होतं, आणि नेटीने त्याला तसं बसू दिलं नसतं, एवढं मात्र हॉलिसला पक्कं माहीत होतं. त्याने कॉलर नाकाशी धरली, खूप वेळ धरली. डबने कढईवरून मान वर केली नाही. त्याबद्दल हॉलिस त्याचा जन्मभर ऋणी राहिला.

गाऊनच्या बाह्या कोपरापर्यंतच आल्या. पुढची बटणं लागेनात. पाय नडगीपासून उघडे, खाली रबरी बूट. तो बाहेर आला तेव्हा पोत्यांवरच्या मंडळींना तीस वर्षांची परतफेड करायची नामी संधी होती. पण कोणी हसलं नाही. एकाने नुसती टोपी काढली.

हॉलिसने नेटीसारखा चमचा धरला आणि तुकडा उडवला.

मधल्या तुंब्यातून काहीतरी काळंजांभळं सुटलं, तुकडा हवेतल्या हवेत गायब झाला आणि पाखरू पुन्हा तुंब्यावर जाऊन बसलं. मग दुसरं सुटलं. मग सगळा खांबच उठला.

लोरीनची गाडी आली ती नेमकी तेव्हा. अंगणात बंब, स्वयंपाकघरात शिरस्त्राण घातलेला स्वयंपाकी, चष्म्यावर अंडं माखलेली युला, आणि मधोमध आईचा गाऊन घालून आकाशात न्याहारी फेकणारे वडील. ती गाडीचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, वेड्याशी बोलतात तशी. "आपण आत जाऊया का?"

"जेवताहेत ती. थांब."

"बाबा, तो आईचा..."

"त्यांना अजून माहीत नाही गं लोरीन," हॉलिस म्हणाला. "पाखरं वाट बघत होती तुझ्या आईची. मी तिकडे टोपी घालून मालक म्हणून उभा, आणि ती तिची वाट बघत उपाशी मरत होती."

लोरीनने वर बघितलं. पाखरं झेपावत होती, ओरडत होती, गुलाबी गाऊनवर घिरट्या घालत होती. तिने वडिलांच्या हातातला चमचा घेतला, आणि दोघं ताटली संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. डबने आणखी तीन कढया उतरवल्या. चौथीतलं त्याने स्वतः खाल्लं.

दुपारी हॉलिस खुर्चीतच झोपला. जाग आली तेव्हा स्वयंपाकघरामागे कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. खुर्चीच्या पाठीवर त्याने गाऊन टाकला होता, तो तिथे नव्हता.

"अंडं वाळलं की निघत नाही," लोरीन दारातून म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "शिवाय पाखरांनी वर काय काय केलं होतं. बघवेना मला. आईचा गाऊन असा कसा ठेवायचा?"

हॉलिस यंत्राकडे बघत राहिला. आता थांबवूनही उपयोग नव्हता.

"बरं केलंस," तो म्हणाला.

"आणि माझ्याकडच्या त्या खोलीचं नंतर बघू. पाखरं आहेत तोवर, असंच ठरलंय ना आपलं?"

"हो."

रात्री तिने गाऊन इस्त्री करून खिळ्याला लावला. ती झोपल्यावर हॉलिसने कॉलर नाकाशी धरली. साबणाच्या पुडीवरच्या फुलांचा वास होता. खूप स्वच्छ.

सकाळीही थंडी होतीच. त्याने गाऊन चढवला, ताटली घेतली आणि तो पायरी उतरला. खांबापाशी पोचायच्या आत सगळी पाखरं तुंब्यांतून बाहेर येऊन त्याच्या डोक्यावर फिरायला लागली.

लोरीन कॉफी घेऊन पोर्चवर आली आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली. "बघा, ओळखलं मालकाला. चालीवरून."

हॉलिसने कॉलर एकदा नाकाशी धरली आणि चमचा भरून घेतला.

"रंगावरून ओळखतात," तो म्हणाला. "त्यांचं बरं आहे."