बेट बघण्याचा कार्यक्रम

साईनाथला एक वेळ डॉक्टर फसवेल, वकील फसवेल, पण हॉटेलवाल्याने फसवणं शक्यच नाही! कारण पळसदरीला त्याचं स्वतःचं फार्महाऊस होतं आणि या धंद्यातल्या सगळ्या खोड्या त्याच्या स्वतःच्याच करून झाल्या होत्या. त्याच्या जाहिरातीतला 'स्विमिंग पूल' म्हणजे निळा रंग मारलेला म्हशींचा जुना हौद. 'धरणाचा नजारा' होता, पण तो बघायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे अंतर मागे कुत्रं लागलेल्या माणसाचं होतं.

असा हा माणूस अंदमानात राहायला जागा शोधत होता. बायकोसाठी! लग्न झाल्यापासून जागृतीने दर शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना भाकऱ्या थापून घातल्या होत्या. यंदा तिने तवा खाली ठेवून सांगितलं, "मला एकदा तरी पावनी म्हनून जायचंय. दुसऱ्या कोनी वाढायचं न मी बसून खायचं. बस!" बेट तिने निवडलं, डिसेंबर महिना तिने निवडला. फक्त जागा निवडायचं काम नवऱ्यावर सोपवलं आणि तिथेच घात झाला.

"अवो, ही बगा, कसली भारी हाय!"

"खोटी हाय."

"न ही?"

"हिच्यात माड वाकडा दिसतोय. म्हंजे फोटोवाला पोटावर पडलाय. मी बी तसाच पडतो, मागची उकिरड्याची जागा लपते!"

अशी अख्ख्या अंदमानातली हॉटेलं साईनाथने पळसदरीच्या ओट्यावर बसून नापास केली. दिवाळी गेली. शेवटी एका लहानशा बेटावरचं शेफालीदीदींचं घरगुती हॉटेल तेवढं उरलं. त्यावर साईनाथच्या आईने, म्हणजे सोनुबाईने, निकाल दिला, "जागा असू दे नायतर सून, बगितल्याबिगर ठरवायची नाय!"

आता बघायला अंदमानला जायचं, तर मग बघायचं राहिलं काय? पण चांगोमामा होते ना! अर्ध्या खालापूर तालुक्याची लग्नं त्यांनी जमवली होती. ते म्हणाले, "व्हिडिओ कॉल लाव रं. मी हाय बोलायला."

मंगळवारी कार्यक्रम ठरला. सोनुबाईने ठेवणीतलं लुगडं नेसून नाकात नथ घातली. मामा टोपी घालून मधोमध बसले. फोन तांब्याला टेकवला. जागृतीने कांदेपोहे केले.

"पोहे कोनाला गं?" साईनाथने विचारलं. "ती बाय तर अंदमानात हाय!"

"रीत हाय ती," मामा बशी ओढत म्हणाले.

पलीकडे शेफालीदीदी हसतमुखाने उगवल्या. त्यांना वाटलं होतं, लोक भाडं विचारतील.

"दीदी, जरा चलके दिखाव," मामांनी सुरुवात केली.

दीदी बिचाऱ्या फोन घेऊन चालल्या. अंगण आलं, माड आले, समोर समुद्र आला! जागृतीच्या हातातला झारा तसाच राहिला. पण साईनाथ मोठा सावध.

"पानी असली है क्या? हात डालके दिखाव!"

दीदींनी हात घातला.

"खारा है क्या? चाटके बोलो!"

दीदींनी चाटलं आणि तोंड वाकडं केलं. साईनाथ समाधानाने मागे टेकला. मग मामांनी भाऊबंदकी विचारली, जमिनीवर दावा-बिवा आहे का विचारलं, आणि सोनुबाईने स्वयंपाक येतो का म्हणून थेट स्वयंपाकघर मागवलं. तिथे एक लठ्ठ स्वयंपाकी भल्या मोठ्या टोपातला भात उपसत होता.

"भात खातात गं!" सोनुबाईला एकदम भरून आलं. "आपल्यातलीच मानसं हायेत!"

"मग आमच्याकडनं होकार," मामा म्हणाले. जागृतीने तर देवाला हातही जोडले. इथे मामांनी गप्प बसायला हवं होतं. पण मुलगी पसंत पडली, की मुलीकडच्यांना घर बघायला बोलवायचं, ही जन्माची सवय! तोंडातून निघून गेलं, "अब तुम हमारा घर देखने को आव!"

साईनाथने फोन उचलला आणि त्याच्याही अंगात धंदा संचारला. तो आडवा काय झाला, उकिरडा टाळून डोंगर काय दाखवला, हौदाला वळसा काय घातला!

"भैया, वहाँ समंदर नहीं है?" दीदींनी विचारलं.

"बिलकुल नय!"

"रेत? बिस्तर में रेत नहीं आती?"

"रेतीका एक दाना नय!"

दीदींनी तिकडे उडीच मारली. त्यांचा सगळा जन्म गादीतली वाळू झटकण्यात गेला होता. "हम सब आ रहे हैं! दिसंबर में! देवरानी, बच्चे, सब!"

"वेलकम दीदी! व्हेज कितना, नॉनव्हेज कितना?" साईनाथ बोलून गेला.

आणि मग त्याला महिना आठवला. डिसेंबर! म्हणजे भाकऱ्या पुन्हा जागृतीच्याच गळ्यात! तिचे डोळे भरले. साईनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जागृतीने डोळे पुसले आणि फोन हिसकावून घेतला. "दीदी, तुम जरूर आव. तुमारा वो भातवाला उदरच रयेगा ना? तो मैं न मेरी सासू, हम उदर आते!"

"आनि मी?" साईनाथने विचारलं.

"तुमच्याकडं पावने येनार हायेत ना!"

"साटंलोटं!" मामा मांडीवर थाप मारून ओरडले. "माझ्या हातनं झालेलं पयलंच साटंलोटं!"

डिसेंबरात दीदी कुटुंबकबिल्यासह पळसदरीला उतरल्या. साईनाथ चुलीपुढे आणि मामा कांद्यापुढे, दोघांचेही डोळे सारखेच लाल! माणसं दर जेवणाला भात मागत होती आणि साईनाथचा भात कधी गिच्च तर कधी कच्चा. तरी त्याला मनातून बरंच वाटत होतं. जागा आपणच पारखली होती ना! संध्याकाळी त्याने हात पुसून मोठ्या ऐटीत फोन लावला.

"काय गं, समुद्र कसा हाय?"

"समुद्र व्हय? अजून बगितला नाय."

"काय सांगतेस! दारातच हाय ना?"

"दारातच हाय. पन आयतं ताट पुढ्यात आल्यावर उठून जायचं कसं? आईंनी बी नाय बगितला अजून. बरं, ठेवते आता. तो इचारतोय, अजून भात वाढू का?"