एकशे ऐंशी फुटांवरची मूठ

तीन फूट

साधनाने मोरीतला नळ उघडायला घेतला आणि नळ उघडेना. लाल पदर गुंडाळून पाहिला, सांडशी लावून पाहिली. सांडशी वाकली. शेजारच्या मथुराबाईंनी जोर लावला, त्यांची बांगडी वाढली.

"सकाळी कोनं बंद केला व्हता?" मथुराबाईंनी विचारलं.

"ह्यायनं. आजकाल हे सारंच पुरं बंद करून राहिले. परवा इस्टोची चावी. काल तांदळाच्या पोत्याची गाठ. थे पोतं मी इळ्यानं फाडलं."

"कावून वो?"

साधनाने हनुवटीने अंगण दाखवलं.

अंगणात तिचा नवरा उभा होता, डोळे मिटून. पुंडलिक, रशियनांच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसातला कारकून, अंगाने वाळलेल्या शेंगेसारखा. त्याच्या उजव्या हातात आठ पौंडी घण उलटा लोंबत होता. दांड्याचं वरचं टोक तेवढं बोटांच्या चिमटीत. मग बोटं हलू लागली. दांड्यावरून सरड्यासारखी खाली, थेट लोखंडापर्यंत. घण वर आला. मग बोटं परत टोकाकडे, आणि घण सावकाश खाली गेला. पुंडलिकच्या चेहऱ्यावर पाळण्यातल्या मुलाचं हसू होतं.

"अवो, नळ," साधना म्हणाली.

तो आला. एका बोटाने त्याने नळ उघडला. बादली भरली.

मग सवयीने त्याने नळ बंद केला.

चार फूट, दीड महिन्यापूर्वी

टाइम ऑफिसच्या खिडकीची उंची एवढीच. सकाळी कामगार तिथे आपला बिल्ला देत आणि नव्या भट्टीच्या सांगाड्यावर चढून जात. खिडकी बुटकी असल्यामुळे पुंडलिकला त्यांचे फक्त पाय दिसत. शिडीवर एक पाऊल, मग टाच, मग काहीच नाही. वर काय होतं, ते त्याला कुणी सांगत नसे. तिथे हवेचा रंग वेगळा असणार, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं.

एक दिवस खिडकीत भाऊरावांचं तोंड आलं. सांगाडा उभारणाऱ्या टोळीचे मिस्त्री, मूळचे नागपूरकडचे.

"वर बोल्ट मोजून लिहाले मानूस पायजे," ते म्हणाले. "पयल्याले चक्कर आली."

"मी येतो, मिस्त्री."

भाऊरावांनी त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. "बाबू, हे बोटं आहेत का शेवया? वर शिडीले धरून राहा लागते. बोटं थकले का मानूस शिडीबिगर खाली येते." त्यांनी कोपऱ्यातला घण उचलला. "ह्याचा दांडा टोकाले धर. हात सरळ. माही बिडी सरेपावतर घन पडला नाई, तं तुले नेतो. पन सांगाडा पुरा झाला का मंग कोनालेच नेत नाई."

त्या दिवशी काडी पेटायच्या आत घण खाली आला.

तेव्हापासून पुंडलिक मरोद्याच्या वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरच्या अंगणात घणाबरोबर राहू लागला. आधी दोन बोटं दांडा पकडत आणि तीन नुसती बघत. मग तीन. मग पाचही. टाकाची निबं मोडली, दाराची कडी हातात आली. साधनाने त्याच्या हाती काही देणंच बंद केलं.

साडेचार फूट

म्हणजे खांद्याची उंची. हात सरळ, टोकाला घण. भाऊरावांची बिडी सरली. त्यांनी दुसरी पेटवली, ती केवळ बघत राहता यावं म्हणून.

"उद्या ये," ते म्हणाले.

एकशे ऐंशी फूट

पुंडलिक वर पोचला. वही उघडण्याआधी त्याने एकदाच, आपल्या दोन पावलांच्या मधून, खाली पाहिलं.

दोन्ही हातांनी कठडा धरला. बोटं जे शिकली होती, तेच त्यांनी केलं.

"छोड़ दे न गा, बाबू," टोळीतला कुरुदचा टिकाराम म्हणाला.

"मी कुठी धरलं? थे बोटंच धरून राहिले."

टोळीतले तिघे बोटं सोडवायला लागले. एक बोट सुटे. दुसरं सोडवेपर्यंत पहिलं पुन्हा जागेवर.

"मिस्त्री, कठडा कापा लागते का?" टिकारामने विचारलं.

"कठडा रशियन सायबानं पास केला हाय. नाई कापता येत."

"मंग बाबूले?"

"बाबू अजून कोनी पास केला नाई," भाऊराव म्हणाले आणि कामाला लागले.

दुपारपर्यंत पुंडलिकच्या खांद्यावर दोन सदरे, एक दोराचं वेटोळं आणि पाण्याची पिशवी आली. त्या मजल्यावर त्याच्याइतकी पक्की खुंटी दुसरी नव्हती. तो उभ्याउभ्या बोल्ट मोजून सांगे, भाऊराव वाकड्या अक्षरात लिहीत.

हळूहळू त्याने डोळे लांब सोडले. हवेला रंग नव्हताच. पण ती खालून वर येत होती, जणू जमीनच झोपेत श्वास सोडत होती. मरोद्याचा तलाव ताटाएवढा. दुर्गकडे जाणारी गाडी अळीसारखी, आवाज नसलेली. क्वार्टरांच्या ओळी कुणी उन्हात वाळत घातल्यासारख्या. आणि एका ओळीत, एका अंगणात, लाल ठिपका.

"थे आमचं घर," पुंडलिक म्हणाला.

"कोनतं?" टिकारामने विचारलं.

"चिंचेजवळचं."

"इथून पन्नास चिंचा दिसते, बाबू."

"अरे बापा, थे, लाल दिसते न थे," पुंडलिक वैतागून म्हणाला आणि हाताने दाखवलं.

टिकारामने आ वासला. भाऊरावांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि हळू आवाजात विचारलं, "अन् बाबू, सासुरवाडी कोन्या बाजूले?"

"थे तिकडं. भंडाऱ्याकडं." दुसरा हात गेला.

दोन्ही हात पसरून, कशालाही न धरता, पुंडलिक एकशे ऐंशी फुटांवर उभा होता. वाऱ्याने सदरा फुगला. इतकं हलकं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

मग त्याला ते कळलं. आणि त्याने भाऊरावांचं उजवं मनगट धरलं.

शून्य फूट

क्रेनच्या पाळण्यातून दोघांना एकत्र उतरवलं. संध्याकाळी दोघं एकत्रच मरोद्याला आले. साधनाने दोन कप चहा ठेवला. भाऊराव डाव्या हाताने प्याले.

"मिस्त्री," पुंडलिक खाली मान घालून म्हणाला, "सोडाचं माह्या मनात लय हाय."

"राहू दे," भाऊराव म्हणाले. "उद्या सकाळी पुन्हा वर जाचं हाय. आता सोडलं तं पुन्हा धराले टाइम लागते."