सासूबाईंच्या दोनशे चौदा उड्या

"चौघं जण आणि तिकीट अर्धं! याला म्हणतात डोकं!" चष्म्याच्या दुकानाचे मालक सकाळपासून बायकोला आणि मुलीला हेच ऐकवत होते. मनोरंजन उद्यानात सैनिकांना सवलत होती, निवृत्तांनाही, आणि सोबतच्या कुटुंबालासुद्धा! अट एकच, सैनिक स्वतः हजर हवा. आणि सासूबाई सैन्यातून निवृत्त झालेल्या!

म्हणजे लढाईबिढाई काही नाही. लग्न ठरताना सासूबाईंनीच सांगितलं होतं, "मी छत्र्यांच्या विभागात होते." बरोबरच आहे, फौजेला काय पाऊस लागत नाही? तेव्हापासून बारा वर्षं घरातली, दुकानातली, शेजारपाजारची प्रत्येक मोडकी छत्री चष्मेवाले सासूबाईंकडे पोहोचवत. चार दिवसांत ती परत यायची ती अशी ताठ, की वादळाने वाट बदलावी!

आजचा बेतही पक्का होता. सासूबाईंचं कार्ड दाखवायचं, त्यांना सावलीतल्या बाकावर बसवायचं, मांडीवर पिशव्या द्यायच्या, की आपण हुंदडायला मोकळे!

तिकीट खिडकीतल्या मुलीने कार्ड वाचलं आणि ती खुर्चीतून ताडकन उठली.

"आजी! तुम्ही पॅराशूट प्रशिक्षक होतात?"

"हो गं. त्याच छत्र्या."

"किती उड्या मारल्यात?"

"दोनशे चौदापर्यंत मोजल्या. मग कंटाळा आला."

चष्मेवाल्यांचा जबडा बिजागरी निखळलेल्या खिडकीसारखा लोंबायला लागला. "उड्या? कुठून?"

"विमानातून," बायको म्हणाली. "अहो, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"विमानातून! मग मी दिलेल्या त्या मोडक्या छत्र्या?"

"मला वाटलं, तुमची दोघांची काहीतरी थट्टा चालते!"

सासूबाई संकोचल्या. "पहिली छत्री आली तेव्हा मीही चक्रावलेच. पण नव्या जावयाला नाही कसं म्हणायचं? एका कारागिराकडे आठ दिवस जाऊन शिकून घेतलं."

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. आठ दिवस! शेजारपाजारच्यासुद्धा छत्र्या! तोंड लपवायला जागा शोधावी, तर समोरून उद्यानाचे व्यवस्थापक धावत आले. खिडकीतल्या मुलीने त्यांना फोन केला होता.

"आजी, आमच्या नव्या मनोऱ्यावर आज तुमचा मान पहिला! शेजारच्या खुर्चीत घरातलं कोणी घ्या."

मनोरा पंधरा मजले उंच. खुर्च्या सावकाश वर जायच्या आणि तिथून धाडकन खाली! लेक उंचीच्या रेघेपर्यंत पोहोचेना. बायकोला अचानक पाठदुखी आठवली. उरले कोण?

"जावईबापू, याल?" सासूबाईंनी इतक्या प्रेमाने विचारलं, की आता नाही म्हणण्याची चष्मेवाल्यांचीही सोय राहिली नाही.

पट्टे आवळले गेले. खुर्च्या वर निघाल्या. पाचवा मजला, आठवा, अकरावा. चष्मेवाल्यांनी खुर्चीची दांडी अशी धरली होती, की बोटांचे ठसे लोखंडात उमटावेत!

"समोर बघा. खाली नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. हे ऐकताच चष्मेवाल्यांनी खाली बघितलं. बायको मुंगीएवढी दिसत होती! आणि ती मुंगी हात हलवत होती!

"आई," त्यांचा आवाज चिरकला, "बारा वर्षांत माझं काही चुकलं असेल, तर पोटात घाला!"

"अहो, काय हे! श्वास सोडा आधी."

"दुकानासमोरची ती मोठी छत्री... तीही तुम्हाला..."

खट्!

पुढे एकदम जमीनच होती. सासूबाई त्यांच्या गालावर हलकेच थापट्या मारत होत्या. "जावईबापू, पोहोचलो हो."

तेवढ्यात बायको आणि मुलगी धावत आल्या. "आई, हे फार ओरडले का गं?"

"छे! हूं नाही की चूं नाही. माझ्याकडे शिकायला यायचे त्यांच्यातसुद्धा असा शांत माणूस मी पाहिला नाही."

चष्मेवाल्यांनी चष्मा सारखा केला. शर्ट झटकला. छातीत थोडी हवा भरली. "त्यात काय विशेष? सगळा मनाचा खेळ आहे. आता बघ, वर गेल्यावर मी आईंना म्हटलं..."

एवढ्यात पट्टे बांधणारा कर्मचारी हातात पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत आला.

"आजी, हे घ्या पाणी! साहेब शुद्धीवर आले का?"