ब्राउझरचा इतिहास, हजेरी सक्तीची

आमच्या पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटरमधलं ज्याला कळतं असा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! हे मी म्हणत नाही, माझ्या खोलीच्या दारावरची पाटी म्हणते. (ती मीच लावलीय, हा भाग वेगळा.)

एकदा वाटलं, या मंडळींना जरा शहाणं करावं. दिवसभर ब्राउझर वापरतात, पण तो आला कुठून, याची कुणाला गंधवार्ता? एके काळी चित्र बघायला वेगळी खिडकी उघडावी लागे. मग चित्रं मजकुराशेजारी येऊन बसली, मग टॅब आले... मी बेचाळीस चित्रांचं झकास व्याख्यान तयार केलं आणि बुधवारी सकाळी सगळ्यांना मेल ठोकली: 'आज साडेपाच वाजता मोठ्या खोलीत, पडद्यावर, ब्राउझरचा इतिहास दाखवला जाईल. हजेरी सक्तीची!'

दहाव्या मिनिटाला टायपिस्टताई दारात. चेहरा धुतलेल्या फळ्यासारखा.

"अहो, सगळ्यांचा दाखवणार?"

"सगळ्यांचा! जुन्यातला जुनासुद्धा सोडणार नाही."

"लोक हसतील हो!"

"हसू दे की! जुनं बघून हसू येतंच."

ताई पदराने डोळे टिपत गेल्या. मला भरून आलं. केवढी ही ज्ञानाची ओढ!

जेवणाच्या सुट्टीत कँटीन रिकामं! सगळे आपापल्या कॉम्प्युटरला चिकटलेले. एरवी सुट्टीत बटणालाही हात न लावणारी माणसं! वॉचमन तर मला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी फक्त घोरण्यावरचे उपाय बघितले. देवाशप्पथ!" मला काही उलगडा होईना.

साडेतीनला साहेबांनी बोलावलं. आधी दार लावलं, मग खिडकी.

"पडद्यावर... नावानिशी दाखवणार?"

"नावानिशी, सालानिशी, साहेब!"

"समजा, माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी 'हाताखालची माणसं आपल्याला का घाबरतात' असं सातदा शोधलं असेल. तेही दिसेल?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! आणि त्यापाठोपाठ घामही फुटला.

"अहो साहेब, कुणी काय बघितलं त्याचा इतिहास नाही! ब्राउझर जन्मले कसे, वाढले कसे, त्याचा!"

साहेब खुर्चीत असे पसरले, जसा हवा सोडलेला फुगा. "वाचलो!" म्हणाले. "म्हणजे, ते गृहस्थ वाचले."

तेवढ्यात ड्रॉइंगच्या बाई धावत आल्या.

"घात झाला! मी इतिहास पुसायला गेले, समोर आल्या त्या सगळ्या चौकटींवर टिचक्या मारल्या. आता गिऱ्हाइकाची वेबसाइट पासवर्ड मागतेय!"

साहेब ताडकन उठले. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला नव्या पंपाचं ड्रॉइंग त्या वेबसाइटवर पाच वाजेपर्यंत द्यायचं होतं. नाही दिलं तर ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की पंपाची एक अख्खी शेड बंद! बाई तीन महिने त्या ड्रॉइंगवर खपल्या होत्या.

"पासवर्ड कुणाला माहीत आहे?" साहेब गरजले.

कुणालाच नाही! तो टाकणारे गृहस्थ कधीच निवृत्त झालेले. ब्राउझरने तो लक्षात ठेवला होता, आणि ब्राउझरची स्मरणशक्ती आम्ही बुधवारी सामुदायिकरीत्या धुऊन काढली होती! नवा पासवर्ड मागितला, तर तो त्याच गृहस्थांच्या बंद पडलेल्या मेलवर गेला. त्यांचा फोनही लागेना. मी एकेका टेबलाकडे पळालो. "तुम्ही पुसला?" "सगळ्या चौकटींसकट." "तुम्ही?" "दोनदा!"

चार वाजून चाळीस मिनिटं. बाई जिन्यावर बसून रडायला लागल्या.

"स्टोअरकीपरकाका!" मी ओरडलो. काकांना माल कधी पाठवायचा ते त्याच वेबसाइटवर बघावं लागे, आणि काका जन्मात कधी माझी मेल वाचत नाहीत!

बाई पेनड्राइव्ह घेऊन पुढे, मी मागे, माझ्यामागे साहेब. मागच्या गोदामात पोचलो तर काका नाकावर चष्मा, हातात माउस!

"या! आत्ताच वॉचमन सांगून गेला, सगळं पुसायचंय म्हणे. हेच बटण ना?"

"काका, नको!!" तिघं एका सुरात किंचाळलो. काकांनी माउस असा टाकला की तो टेबलाखाली लोंबकळायला लागला.

वेबसाइट उघडीच होती! बाईंनी ड्रॉइंग चढवलं. चार त्रेपन्नला हिरवी खूण उमटली. बाई हसत हसत रडल्या, साहेबांनी काकांना चक्क मिठी मारली, आणि मी खोक्यावर बसून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

साहेबांनी माझ्याकडे वळून फक्त एवढंच विचारलं, "काय हो, तुम्हाला तर माहीत होतं, इतिहास कसला ते. मग तुमच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड कसा नव्हता?"

आता काय सांगणार! जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापला इतिहास पुसताना दिसले; का ते कळलं नाही, पण मीही माझा सगळ्या चौकटींसकट पुसून टाकला होता. म्हटलं, उगाच कशाला!