लोडवर येणारा फॉल्ट

आमचे शेजारी देवरावकाका स्वतःच्या गाडीत बसले की आधी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारतात आणि ओरडतात, "बोरी, बोरी, बोरी!" गाडी त्यांच्याच अंगणात उभी असते. बोरी अरबला जाणारं आसपास कोणी नसतं. बहुतेक वेळा एक शेळी असते, तीही मान वर करत नाही.

काकांनी उभी हयात दारव्हा ते बोरी अरब काळीपिवळी जीप चालवली. गच्च भरल्याशिवाय कधी चावी फिरवली नाही. तुमच्या मांडीवर परक्याची पिशवी आणि पिशवीत कोंबडी असली तरी मागे वळून म्हणायचे, "सरका, अजून एक बसते." पुढे गुडघे कुरकुरायला लागले, जीप विकली. काकू नातू सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. काकांना पुण्यात करमत नाही, काकूंना इकडे यायला सवड नाही. मग मुलानं बापाला नवी गाडी घेऊन दिली. तिच्यात एसी, नकाशाचा पडदा आणि गिअरजवळ एक बटण. दाबलं की इको, परत दाबलं की सिटी, अजून दाबलं की स्पोर्ट.

काकांनी पहिल्याच दिवशी मला ते समजावून सांगितलं. "इको म्हंजे सवारी भरून राह्यलो. सिटी म्हंजे सवारी भरली. अन् स्पोर्ट म्हंजे मागून दुसरी जीप येऊन राह्यली."

मी शाळामास्तर. यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं.

काही महिने बरे गेले. मग इकोवर शांत चाललेली गाडी अचानक आपोआप स्पोर्टवर जायला लागली. पडद्यावर पिवळा दिवा लुकलुकायचा, गाडी डरकाळी फोडायची आणि पुढचा सायकलवाला जीव घेऊन शेताच्या धुऱ्यावर चढायचा. काकांनी गाडी बसस्टँडमागच्या शकीलकडे नेली. शकील म्हणजे आमच्याकडचा गाड्यांच्या वायरिंगचा डॉक्टर. त्यानं मशीन लावलं, बटण शंभरदा दाबलं. काही निघालं नाही.

"काका, गाडी चांगली हाये."

"उभी हाये म्हणून चांगली हाये," काका म्हणाले. "रिकामी गाडी कधी खरं बोलत नाई. हा फॉल्ट लोडवर येते."

तेव्हापासून आमच्या गल्लीतली माणसं लोड झाली. दर रविवारी सकाळी हॉर्न वाजायचा, "सर, चला, टेस्टिंग हाये!" मी डाव्या सीटवर, मागे जो सापडेल तो. बोरी अरबपर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. वाटेत कोणाच्या बैलानं कोणाला मारलं इथपासून कोणाची सोयरीक कशी मोडली इथपर्यंत सगळं ऐकायचं. फॉल्ट कधी यायचा, कधी नाही. आला की काका त्याला "आले का राजे!" म्हणायचे.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, माझ्याऐवजी तुरीचं पोतं ठेवत जा. वजन तेवढंच भरते."

काकांना ते लागलं. "पोतं काय बोलते?"

शेवटी रविवारची झोप वाचवायला मी शकीललाच मागच्या सीटवर बसवलं, आणि डाव्या सीटवर मी. गावाबाहेरच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि स्पोर्टवर गेली. शकीलनं गाडी थांबवायला लावली, माझ्या सीटखाली हात घातला आणि हसला. बटणाकडे जाणाऱ्या तारांचा जोड ढिला होता. सीटवर वजन आलं की तो दबायचा.

"म्हटलं नोतं मी, लोडवर हाये?" काका केवढ्यानं ओरडले! शकीलनं जोड पक्का बसवला. काकांचा आवाज एकदम उतरला. "म्हंजे आता येनार नाई?"

"गॅरंटी," शकील म्हणाला.

परतताना बसस्टँडवर माणसं उभी होती. काकांनी दारावर थाप मारली नाही.

पुढचे रविवार मी मनसोक्त झोपलो. काकांच्या गाडीवर कव्हर पडलं. ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असायचे. मी हात केला की हात करायचे.

आणि मग एका रविवारी हॉर्न वाजला. "सर! वापस आला!"

मी बसलो. गिअरवर आज काकांचा खांद्यावरचा दुपट्टा पडलेला होता. खड्डा गेला, काही झालं नाही. सपाट रस्ता लागला आणि गाडी डरकाळी फोडून स्पोर्टवर गेली.

"पाह्यलं? पाह्यलं ना?"

मी पाहिलं होतं. दुपट्ट्याखाली काकांचा अंगठा हलला होता. काका समोर रस्त्याकडे इतक्या भोळ्या चेहऱ्यानं बघत होते की मला आधी हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. पोत्याची गोष्ट मी बोलायला नको होती.

"शकीलले फोन लावता काय?" त्यांनी हळूच विचारलं. अंगठा अजून दुपट्ट्याखालीच होता.

"शकीलले कायले?" मी म्हणालो. "लोड कमी पडून राह्यला, काका. मागची सीट रिकामी हाये."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडी वळवली, थेट बसस्टँडवर आणली, काच खाली केली आणि दारावर थापा मारल्या. "बोरी, बोरी, बोरी!"

एक म्हातारी आली, तिच्यामागे पिशव्या घेतलेलं एक जोडपं आलं. मागची सीट भरली. तेवढ्यात अजून एक आजोबा काठी टेकत येताना दिसले.

"सरका सर," काका म्हणाले, "अजून एक बसते."

पुढची सीट एकाच माणसापुरती होती, सरकायला जागा नव्हती. तरी मी सरकलो.