‘इंदुमती’ची फेरी

मंगळवारी सकाळी साडेनऊला सोनटक्क्यांच्या जहाजावर अकरा माणसं कामावर रुजू झाली.

आबा सोनटक्क्यांनी नुकतंच जहाजाच्या नाकाशी पांढऱ्या रंगात ‘इंदुमती’ असं नाव लिहून ब्रश धुवायला घेतला होता. जहाज किटमधलं होतं, एकास बहात्तर प्रमाणाचं, म्हणजे खऱ्या जहाजाच्या बहात्तर फुटांना इथे एक फूट. किनाऱ्याकिनाऱ्याने माणसं आणि माल नेणारी जुन्या काळची आगबोट. दोनशे एकोणीस तुकडे आणि दोन वर्षं लागली होती. आबांचा हात आता कापायचा, म्हणून दोन वर्षं. एरवी आठ महिन्यांत झालं असतं.

आलेली माणसं अडीच सेंटिमीटरच्या आतबाहेरची होती. आबांनी त्यांना लगेच ओळखलं, कारण त्यांचे शर्ट त्यांनीच रंगवले होते. खोक्यावर बारा लिहिलं होतं. बारावा, म्हणजे स्वयंपाकी, चौकटीतून कापताना चिमट्यातून टुणकन उडाला होता आणि कपाटाखाली की कुठे गेला तो सापडलाच नव्हता. खलाशांचा प्रमुख इस्माईल तांडेल याने आधी त्याची गैरहजेरी लावली आणि मग मालक कोण, अशी चौकशी केली.

“मी,” आबा म्हणाले. “चहा घेणार का?”

चहा बाटलीच्या झाकणातून दिला गेला. तांडेलाने बंदर खात्याचं पत्रक पुढे केलं. ते आबांना चष्मा लावूनही दिसेना, तेव्हा त्यांच्या मुलीने, अवंतीने, भिंग आणून मोठ्याने वाचलं. कर्मचारी रुजू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत जहाजाने बंदरातून निघून बंदरात पोचण्याची एक तरी फेरी करावी. न केल्यास जहाज शोभेची वस्तू समजण्यात येईल आणि कर्मचारी मूळ चौकटीत परत पाठवण्यात येतील.

चौकट म्हणजे ती राखाडी प्लॅस्टिकची जाळी, जिला किटचे सगळे तुकडे जोडलेले असतात. आबांनी ती टाकून दिली नव्हती. किट करणारा कुणीच ती टाकत नाही. ती खोक्यात होती.

अवंतीने विचारलं, की चौकटीतून पुन्हा बाहेर येता येतं का.

“चौकटीत माणूस नसतो, ताई,” तांडेल म्हणाला. “नंबर असतो. मी एकशे चार होतो.”

अवंती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. दर जूनमध्ये तिला नव्याने रुजू व्हावं लागे आणि दर मार्चमध्ये ती रुजू नसे. हे ऐकल्यावर ती त्या दिवशी कॉलेजात गेलीच नाही. तिने जहाज दोन्ही हातांत धरलं आणि अंगणातल्या हौदात सोडलं.

हौद गोल होता, सिमेंटचा, पाच फूट व्यासाचा. सोलापूरच्या त्या बाजूला, समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर आत, नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं आणि ते हौदात धरून ठेवावं लागतं. जहाज तरंगलं. आबांनी बूड बंद करण्यापूर्वी आत वजनाला नट टाकले होते, म्हणून तोल नीट होता. खलाशांनी बॉयलर पेटवला, धुराड्यातून उदबत्तीएवढा धूर निघाला आणि ‘इंदुमती’ चालू लागली. ती डावीकडे वळली. मग आणखी डावीकडे वळली. साडेचार मिनिटांनी ती जिथून निघाली होती तिथे येऊन उभी राहिली.

तांडेल मागे जाऊन वाकून पाहून आला. सुकाणू डावीकडे वळवून पक्कं चिकटवलेलं होतं.

ते आबांनी मुद्दाम केलं होतं. काचेच्या कपाटात जहाज ठेवलं, की सरळ सुकाणूचं जहाज मेल्यासारखं दिसतं. जरा वळवलेलं असलं, की आत्ताच कुठूनतरी वळून येतंय असं वाटतं. किटची जहाजं करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. त्यात प्लॅस्टिकचा गोंद चिकटवत नाही, तो दोन्ही तुकडे विरघळवून एक करतो. आता करवत लावल्याशिवाय सुकाणू हलणार नव्हतं, आणि करवत लावली तर शेपटाची पट्टी तुटणार होती.

“तोडू या,” अवंती म्हणाली. “नवं बसवू. तारेचं करू.”

“इंदुमतीला मी करवत लावणार नाही,” आबा म्हणाले.

इंदुमती हे अवंतीच्या आईचं नाव होतं. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटच्या वर्षात तिला इतक्या ठिकाणी कापलं होतं, की तो विषय घरात निघत नसे.

पुढचे पंधरा-वीस दिवस घरात शांततेने भांडण चाललं. अवंतीने भिंतीवर नकाशा लावला. बादलीतून जहाज सीना नदीला न्यायचं, सीनेतून भीमा, भीमेतून कृष्णा, आणि मग पूर्वेचा समुद्र. तिने बंदर खात्याला निवेदन पाठवलं, आबांना दुसरं निवेदन दिलं आणि त्याची पोच मागितली. आबांनी सही करून पोच दिली. ती म्हणाली, की अकरा माणसांच्या आयुष्यापेक्षा एक पट्टी मोठी आहे का. आबा म्हणाले, नाही. ती म्हणाली, मग? आबा म्हणाले, की सीनेत सध्या पाणी नाही.

खरं कारण त्यांनी फक्त तांडेलाला सांगितलं. दुपारी हौदाच्या कठड्यावर हनुवटी टेकून ते त्याच्याशी बोलत बसायचे. एकदा ते म्हणाले, की सरळ सुकाणूचं जहाज परत येत नाही. तांडेलाने त्यावर वाद घातला नाही. त्याचे दोन खलाशी त्या आठवड्यात पायाकडून राखाडी पडायला लागले होते, तेही त्याने मालकांना सांगितलं नाही. ते अवंतीने भिंगातून पाहिलं आणि ती आत जाऊन आबांसमोर उभी राहिली.

“पाटकर आणि तो छोटा दाढीवाला,” ती म्हणाली. “गुडघ्यापर्यंत.”

आबा उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. एकोणतिसाव्या दिवसाची दुपार होती. आतून काही आवाज येईना. अवंती दाराशी करवतीचा आवाज ऐकायला उभी राहिली आणि तो येऊ नये असं तिला वाटू लागलं, त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बंदर निरीक्षक आले. पेडणेकर नावाचे घामाघूम गृहस्थ, बॅग घेऊन दोन एस.टी. बदलून आलेले. पोहे खाऊन त्यांनी फॉर्म काढला आणि जहाज कुठून कुठे जाणार, असं विचारलं.

आबा खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात बोटाच्या पेराएवढी पाटी होती. पिवळ्यावर काळी अक्षरं, अगदी एस.टी.च्या कपाळावर असतात तशी. आबांनी एकतीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपात त्याच पाट्या रंगवल्या होत्या. हात कापत होता, पण अक्षराला कधी कापायचा नाही. पेडणेकरांनी भिंगातून वाचलं: ‘इंदुमती. अंगण ते अंगण. मार्गे हौद.’

“निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण एकच लिहिलंय,” पेडणेकर म्हणाले.

“शहर फेरीची गाडी तशीच असते, साहेब,” आबा म्हणाले. “स्टँडवरून निघते, स्टँडवर येते. तिला कुणी शोभेची वस्तू म्हणत नाही. लोक बसतात तिच्यात.”

पेडणेकरांनी बॅगेतून नियमांचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ वाचलं. बंदरातून निघून बंदरात, एवढंच होतं. बंदरं दोन असावीत असं कुठे म्हटलं नव्हतं. ते बहुधा कुणाला लिहावंसं वाटलं नसावं.

अवंतीला राहवलं नाही. तिने नकाशा आणला होता. “आबा, हे काय जाणं झालं?”

उत्तर जहाजावरून आलं. “ताई, माझ्या सेवापुस्तकात मुंबई ते रत्नागिरी सत्तावीस वर्षं आहेत,” तांडेल म्हणाला. “दर खेपेला निघालो तिथंच येऊन लागलो. पगार त्याचाच होता.”

अवंतीने नकाशाची घडी घातली. मग तिने वाकून पाटी दोन बोटांत धरली आणि आबांनी ती जहाजाच्या कपाळावर लावली.

‘इंदुमती’ निघाली. पेडणेकर हातात घड्याळ धरून उभे राहिले. हौदाच्या पलीकडच्या टोकाला गेल्यावर ती लहान दिसू लागली, निदान आबांना तसं वाटलं. मग ती वळली आणि परत येऊ लागली. पेडणेकरांनी फेरी नियमित असल्याचं लिहिलं, शिक्का मारला आणि दीडच्या एस.टी.ने गेले. संध्याकाळपर्यंत पाटकरचे गुडघे निळे झाले. त्याची विजार निळीच होती.

घरातलं पाणी आता बेताने वापरलं जातं. हौदात वीतभर तरी राहायला हवं, नाहीतर जहाज तळाला टेकतं. आबा तांब्याभर पाण्यात अंघोळ करतात. शेजारच्या क्षीरसागर वहिनी पूर्वी नऊला येऊन दोन घागरी न्यायच्या, त्या आता फेरी लागल्यावर येतात.

गेल्या शुक्रवारी नळ आला नाही. आबांनी ‘आज फेरी रद्द’ अशी पाटी रंगवून कठड्यावर ठेवली. फेरीसाठी आलेल्या, खलाशांएवढ्याच चार उतारूंनी ती वाचली आणि ते आपापल्या वळकट्यांवर बसून राहिले. त्यांतला एक जण पूर्ण राखाडी होता, कधी रंगच न लागलेला. हातात पळी होती. तो म्हणाला, की कपाटाखालून निघून बरेच दिवस झाले, उंबराच चढायला सोळा दिवस लागले.

तांडेलाने हजेरीपट उघडला आणि त्याच्या नावापुढे ‘उशिरा’ असं लिहिलं.

आबांनी अवंतीला सगळ्यात बारीक ब्रश आणायला सांगितला. तिने तो आणला आणि त्यांचं मनगट खालून धरलं. पाणी शनिवारी आलं.