धोबिणीच्या बाकाचे संवर्धन

ज्या वस्तूचा रोज उपयोग होतो, तिच्याबद्दल माणसाच्या मनात आदर टिकत नाही. झाडूला कोणी सलाम करत नाही. तलवारसुद्धा गंजल्यावरच काचेच्या पेटीत जाऊन बसते. म्हणून एखाद्या वस्तूचा वारसा म्हणून गौरव करायचा असेल, तर आधी तिचा उपयोग बंद पाडावा लागतो, आणि या कामात मातृभूमी वारसा संवर्धन महिला मंडळाचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. मंडळाने चौकातल्या जुन्या नळाचं पाणी तोडून त्याला ऐतिहासिक केलं. मनोऱ्यावरचं घड्याळ थांबवून त्याला अजरामर केलं. (ते तसंही थांबायच्या बेतात होतं, मंडळाने फक्त पुढाकार घेतला.) त्यानंतर मंडळाची नजर चढावरच्या दगडी बाकाकडे वळली.

खालच्या वस्तीतून वरच्या बाजाराकडे जाणाऱ्या चढाच्या बरोबर मध्यावर हा बाक आहे. परक्यांच्या राजवटीत एक धोबीण कपड्यांचं गाठोडं घेऊन हा चढ चढायची. एके दिवशी सरकारचा बडा साहेब या रस्त्याने निघाला, आणि सगळ्यांनी उठून उभं राहावं असा हुकूम सुटला. सगळे उभे राहिले. धोबीण बाकावर बसली होती, ती बसूनच राहिली. शिपायाने दरडावलं तेव्हा ती म्हणाली, "पाय दुखतायत. तुमचं सरकार जाऊ दे पुढं, मग उठते." सरकार पुढे गेलं. काही वर्षांनी देशातूनही गेलं. (या दोन घटनांचा संबंध मंडळाने सप्रमाण सिद्ध केला आहे. प्रमाण मागू नये.)

मंडळाने तिचं हे वाक्य संगमरवरी फलकावर कोरून घेतलं, आणि त्याच्याखाली, तितक्याच ठळक अक्षरांत, 'बाकावर बसू नये' असंही कोरून घेतलं. मग बाकाला दोरी बांधली. लोकांची पाहणी केली तेव्हा दहांतल्या सात जणांनी बाकाविषयी आदर वाढल्याचं सांगितलं. उरलेले तिघं 'मग बसायचं कुठे?' असं विचारत होते, पण प्रश्न हे उत्तर होऊ शकत नसल्यामुळे ते मोजले नाहीत.

दोरी बांधून भागत नाही, कारण दमलेला माणूस दोरी ओलांडतो. म्हणून बाकाजवळ एक स्वयंसेविका उभी करायचं ठरलं. उभं राहायचं आणि दुसऱ्याला बसू द्यायचं नाही, एवढंच काम. देशसेवा इतक्या सोप्या शब्दांत यापूर्वी कोणी मांडली नव्हती. महिनाभर हे काम चोख केलं आणि एकही इसम बाकाला टेकला नाही, तर खांद्यावरून घ्यायचा मंडळाचा रेशमी पट्टा मिळे.

या पट्ट्यासाठी टाचणी उभी होती. टाचणी म्हणजे कपडे शिवणारी बाई. इतर लोक वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी धरतात, ही सदानकदा टाचण्या धरायची, म्हणून हे नाव. ओठांत टाचण्या असल्यामुळे कोणी काही बोललं तरी तिला उलट उत्तर देता यायचं नाही, आणि त्यामुळे ती स्वभावाने फार गोड आहे असा सगळ्यांचा समज होता. मंडळातल्या प्रत्येक बाईचा पट्टा तिनेच शिवला होता. पट्टा घातलेल्या बाईला रस्त्यात लोक वाट देतात, दुकानदार 'या ताई' म्हणतो, हे तिने पाहिलं होतं. तिला स्वतःला घरात आणि दारात 'अगं ए' याच नावाने ओळखत. तिला तो पट्टा हवा होता, अगदी जीव टाकून हवा होता. स्वतःसाठीचा पट्टा तिने आधीच शिवून अध्यक्षबाईंकडे पोचवला होता. (टीप इतरांच्या पट्ट्यांपेक्षा किंचित बारीक घातली होती. तेवढा भ्रष्टाचार चालायचाच.)

अडचण एकच होती, ती म्हणजे सासूबाई. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. व्यायामासाठी त्यांना चढावरच्या दवाखान्यात जावं लागे, आणि मध्यावरच्या बाकावर दम खाल्ल्याशिवाय पुढचा चढ होत नसे. बाक ऐतिहासिक झाल्यापासून त्या शेजारच्या दिव्याच्या खांबाला टेकून उभ्या राहत. सुनेच्या पट्ट्याआड यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. घरी एकदाच म्हणाल्या, "तेवढा खांब ऐतिहासिक करू नका गं. माझं अजून काम आहे त्याच्याशी."

पट्टा द्यायचा दिवस उजाडला. बाकासमोर सोहळा मांडला होता. टाचणी बाकाशेजारी ताठ उभी होती, आणि ऐन वेळी कोणाचा पट्टा उसवला तर असाव्यात म्हणून ओठांत टाचण्या होत्याच. अध्यक्षबाई व्यवसायाने दंतवैद्य होत्या, त्यामुळे समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून मुकाट्याने ऐकतो, याची त्यांना सवय होती. त्या धोबिणीच्या तेजस्वी बाण्यावर बोलत होत्या. इतक्यात सासूबाई चढ चढून आल्या. खांबाला ध्वनिक्षेपक बांधला होता. त्यांनी खांबाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, दोरी वर केली, आणि बसल्या.

सभेत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं.

"आजी, हा बाक ऐतिहासिक आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"असू दे. मी तरी कुठं आजची आहे?"

"उठा बघू."

"पाय दुखतायत, बाई. तुमचा कार्यक्रम होऊ दे पुढं, मग उठते."

सभेने फलकाकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनीही पाहिलं, आणि घाईघाईने नजर काढून घेतली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. पण किडका दात आपण ओढायचा नसतो, मदतनिसाला ओढायला लावायचा असतो, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. "या तुमच्याच सासूबाई ना?" त्या टाचणीला म्हणाल्या. "मग उठवा त्यांना. पट्टा हवाय ना?" आणि त्यांनी पट्टा पुढे धरला.

टाचणीने पट्ट्याकडे पाहिलं. त्यावरची बारीक टीप तिला लांबूनही दिसत होती. महिनाभर उभं राहून तिच्या तळव्यांची आग होत होती. सासूबाईंना ते कळलं असावं, कारण त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. तेव्हा टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, अध्यक्षबाईंच्या हातातल्या पट्ट्यात नीट खोचल्या, आणि दोरी वर केली.

"आई, जरा सरका," ती म्हणाली, आणि बसली.

मंडळाची तातडीची बैठक जागेवरच झाली. (बसायला जागा नसल्यामुळे ती प्रथमच वेळेत संपली.) दोघींना उठवलं तर फलक खोटा ठरत होता आणि बसू दिलं तर नियम. म्हणून ठराव असा झाला की, सदर बाकावर आढळून आलेल्या महिला या बाकाचाच सजीव भाग समजण्यात याव्यात आणि त्यांचे यथायोग्य संवर्धन करण्यात यावे. दोरी थोडी सैल करून दोघींच्या भोवती बांधली. वारशाला ऊन लागू नये म्हणून छत्री आली, दगड गार लागतो म्हणून उशी आली, आणि चार वाजता चहा. पहिल्या पाळीला छत्री धरायला अध्यक्षबाई स्वतः होत्या. "जरा डावीकडे धर गं," वारसा म्हणाला, आणि त्यांनी धरली.

दुसऱ्या दिवसापासून बाकाचा भाग होण्यासाठी अर्ज येऊ लागले. मंडळाने पात्रता ठरवली, की आयुष्यात बसण्यापेक्षा उभं राहणं जास्त झालेलं असावं. गावातली एकूणएक म्हातारी पहिल्याच फेरीत पात्र ठरली. एका निवृत्त कारकुनानेही अर्ज केला होता. आपण शेवटचे केव्हा उभे होतो, हे त्यांना आठवेना. त्यांनी ते बायकोला विचारलं. ती मागे उभीच होती, तिची निवड झाली.

पण बाकावर दाटीवाटीने पाचच जणी मावतात. तेव्हा मंडळाने घरोघरच्या खुर्च्या गोळा करायचं ठरवलं, आणि पथकाची प्रमुख म्हणून टाचणीला नेमलं. तो पट्टा शेवटी तिच्याच खांद्यावर आला. टाचण्या आता ती त्यातच खोचते, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. आणि ते मोकळं झाल्यापासून ती स्वभावाने गोड आहे असं कोणी म्हणत नाही. पहिली खुर्ची तिने स्वतःच्या घरातून उचलली. नवरा 'अगं ए, मी बसलोय' म्हणाला. ती म्हणाली, दिसतंय की.

पथक एका वेळी एकच गल्ली घेतं, पण काम झपाट्याने चाललं आहे. दारात आल्यावर ते फक्त एवढंच विचारतं, की या घरात बसतं कोण. तुम्ही हे बसूनच वाचत असणार. वाचता वाचता हातात चहा आला असेल, तर तो आणून देणारी आत्ता कुठे बसली आहे, तेवढं बघून ठेवा. दार वाजल्यावर धावपळ नको.